‘तो काळच तसा होता’ : ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका आणि रंगवलेले चेहरे

१/
इतिहासाच्या वादात एक वाक्य हुकमाच्या एक्क्यासारखे टाकले जाते : ‘तो काळच तसा होता.’ ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील जुन्या विज्ञानकथा-मालिकांचा विषय निघाला की ते हटकून येते. त्याचे जुळे भावंड म्हणजे ‘आता मुद्दाम घुसडतात’. पूर्वी पडद्यावर सगळे गोरे असणे स्वाभाविक, आणि आज कृष्णवर्णीय वा आशियाई चेहरे दिसणे मात्र राजकारण, असा हा युक्तिवाद. या धाग्यात तो पुराव्यांपुढे उभा करायचा आहे.

२/
२३ नोव्हेंबर १९६३. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा दुसरा दिवस. त्या संध्याकाळी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ सुरू झाली. निळ्या पोलीस-पेटीच्या आकाराच्या यानातून काळ आणि अवकाश ओलांडणाऱ्या एका प्रवाशाची ही मालिका. तिच्या निर्मात्या होत्या व्हेरिटी लॅम्बर्ट, वय २७. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसैन, वय २४, जन्म लखनौचा. कादंबरीकार अतिया हुसैन यांचे ते चिरंजीव. ज्या मालिकेत ‘बाहेरचे लोक शिरले’ अशी आज ओरड होते, तिचा पहिला भाग एका लखनौच्या तरुणाच्या देखरेखीखाली चित्रित झाला होता. शिरण्याचा प्रश्नच कुठे येतो?

३/
आता हाच मुद्दा उलट बाजूने पाहू. हुसैन यांनी १९६४ मध्ये ‘मार्को पोलो’ या सात भागांच्या कथेचे बहुतेक भाग दिग्दर्शित केले. तिची एकही चित्रफीत बीबीसीच्या संग्रहात उरलेली नाही. ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रे उरली आहेत. त्या छायाचित्रांत कुब्लाई खान गोरा नट आहे, मंगोल सरदार तेगानाही गोरा नट आहे. ब्रह्मदेशात जन्मलेल्या झिनिया मर्टन यांना पिंग-चो ही चिनी मुलगी मिळाली, ती अपवादानेच. दिग्दर्शकाच्या खुर्चीत एक भारतीय बसला म्हणून रंगभूषेच्या खोलीतली पद्धत बदलली नाही. हे प्रकरण लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

४/
१९६५ ची ‘द क्रुसेड’ याहून बोलकी. पटकथेत सुलतान सलाहुद्दीन धीरोदात्त, मुत्सद्दी, पुष्कळदा इंग्लंडच्या राजा रिचर्डपेक्षाही समंजस आहे. म्हणजे लेखणीला त्याचा मान राखता आला. चेहरा मात्र बर्नार्ड के या इंग्रज नटाचा, त्वचा गडद रंगवलेली.

५/
येथे ठरावीक उत्तर येते : ‘नटच नव्हते हो!’

६/
नट होते. ऑक्टोबर १९६६ मध्ये ‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेत बर्म्युडात जन्मलेल्या अर्ल कॅमेरॉन यांनी अंतराळवीर विल्यम्सची भूमिका केली. कोणी त्याच्या वर्णावर चकार शब्द काढत नाही. तो यान चालवतो आणि मोहिमेत मरतो. मालिकेला हे १९६६ मध्ये जमत होते. पुढच्याच वर्षी ‘द टूम ऑफ द सायबरमेन’मध्ये जमैकाचे रॉय स्ट्युअर्ट आले ते जवळजवळ मुका, बलदंड सेवक टोबरमन म्हणून, इतरांसाठी दार बंद करताना जीव देणारा. एकच संस्था, एकच मालिका, मध्ये एक वर्षही नाही. यातला कोणता ‘काळ’ खरा मानायचा?

७/
साय ग्रँट यांचे आयुष्य तर या युक्तिवादाची सरळ थट्टाच करते. ब्रिटिश गयानात जन्म. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाचे दिशादर्शक. १९४३ मध्ये नेदरलँड्सवर विमान पाडले गेले. पुढची दोन वर्षे जर्मनांच्या युद्धकैदेत. सुटकेनंतर कायद्याचे शिक्षण, १९५० मध्ये बॅरिस्टर. वकिलीत वाव मिळेना, म्हणून रंगमंच; १९५७ पासून बीबीसीच्या ‘टुनाइट’ या कार्यक्रमात ताज्या बातम्यांवर कॅलिप्सो गात ते घराघरांत पोहोचले.

८/
आणि १९६७ मध्ये, ‘कॅप्टन स्कार्लेट अँड द मिस्टेरॉन्स’ या विज्ञानकथेत, या खऱ्याखुऱ्या वैमानिक अधिकाऱ्याला लेफ्टनंट ग्रीन ही अधिकाऱ्याची भूमिका मिळाली. ती मालिका कळसूत्री बाहुल्यांची होती. ग्रँट यांनी तिला फक्त आवाज दिला.

९/
(जाता जाता : त्या मालिकेत सगळ्यांचीच नावे रंगांची. तरीही प्रमुखाचे नाव कर्नल व्हाइट आणि शत्रूच्या कह्यात गेलेल्याचे कॅप्टन ब्लॅक, हे चित्रफितीत कोरलेले आहेच. आणि मेलडी एंजल या कृष्णवर्णीय वैमानिक बाहुलीचा आवाज गोऱ्या सिल्विया अँडरसन यांचा होता.)

१०/
आता ‘काळा’कडे वळू. गोऱ्या गायकांनी तोंडाला काळे फासून गाण्याचा ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ बीबीसीवर १९५८ ते १९७८ चालला. १९६२ मध्ये त्याला आक्षेप घेणारे एक गृहस्थ होते बॅरी थॉर्न. ते चळवळीतले कार्यकर्ते नव्हते, बीबीसीचेच मुख्य हिशेबनीस होते. १९६७ मध्ये वर्णभेदविरोधी संघटनेने कार्यक्रम बंद करण्यासाठी निवेदन दिले. थॉर्न यांनीही पुन्हा लिहिले. वरिष्ठांनी दुर्लक्ष केले आणि कार्यक्रम आणखी अकरा वर्षे चालवला.

११/
थोडक्यात, त्या काळाचे एकमत नव्हते. त्या काळात वाद होता. तो वाद कानाआड केला गेला, आणि ज्यांनी कानाआड केला त्यांच्याच मताला आज ‘काळ’ म्हटले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही हातचलाखी ओळखलीच पाहिजे, कारण ती फक्त ब्रिटनपुरती नाही. एखाद्या शतकाला एकच तोंड आहे असे कोणी सांगू लागले, तर ते तोंड कोणाचे हे आधी विचारावे.

१२/
महाराष्ट्राशी याचा एक धागा जुळतो. विज्ञानकथा नव्हे, पण संस्था तीच आणि रीतही तीच. बीबीसीची ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४–८१) ही विनोदी मालिका सुरुवातीच्या वर्षांत नाशिकजवळच्या देवळाली छावणीत घडते. तिथला भारतीय नोकर रंगी राम साकारला मायकेल बेट्स यांनी. जन्म झाशीचा, पण माणूस इंग्रज. चेहरा सावळा रंगवलेला. नायक-नोकराचे काम रंगवलेल्या गोऱ्याला आणि खऱ्या दक्षिण आशियाई नटांना भोवतालची लहान कामे, ही उतरंड पुढच्या उदाहरणात जशीच्या तशी सापडते.

१३/
‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’, १९७७. ‘डॉक्टर हू’च्या चाहत्यांत आजही गौरवली जाणारी कथा. रॉबर्ट होम्स यांचे संवाद चुरचुरीत आहेत, व्हिक्टोरियन लंडनचे धुके अप्रतिम आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चिनी जादूगार ली ह्सेन चांग आहे जॉन बेनेट हा इंग्रज नट, डोळ्यांचा आकार कृत्रिम त्वचेने बदललेला. त्याच सेटवर चिनी वंशाचे नट हजर होते : त्याच्या हाताखालचे गुंड म्हणून. दोन वर्षांनी याच मालिकेत लिव्हरपूलचे डेव्हिड यिप साध्या, अ-चिनी भूमिकेत दिसतात. चिनी नटांचा दुष्काळ असा होता! कॅनडात ऑन्टारियोच्या सार्वजनिक वाहिनीने चिनी समाजाच्या आक्षेपानंतर ही कथा दाखवली नाही. म्हणजे खटकले होते. ज्यांना खटकले त्यांना लंडनमध्ये मत नव्हते.

१४/
आणखी एक शब्द या वादात बेफिकीरपणे वापरला जातो : ‘स्वाभाविक’. गोऱ्या माणसाला सलाहुद्दीन करायला रंग लागतो, डबी उघडणारा हात लागतो, वेळ आणि पैसा लागतो. चिनी डोळे चिकटवायला कारागीर लागतो. त्याउलट चिनी नटाला चिनी भूमिका देण्यासाठी यांतले काहीच लागत नाही. कष्ट घेऊन जे घडवले गेले त्याला स्वाभाविक म्हणायचे, आणि ज्याला कष्टच नाहीत त्याला मुद्दाम घुसडलेले!

१५/
भविष्य रंगवतानाही हेच झाले. १९७० च्या ‘यूएफओ’ मालिकेत कथाकाळ १९८० चा; तेथे वर्णद्वेष विझून गेल्याचे एक पात्र दुसऱ्याला सांगते. ब्रिटनमध्ये इनॉक पॉवेल यांच्या स्थलांतरितविरोधी भाषणाला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मग प्रत्यक्षात १९८० उजाडले. ‘ब्लेक्स ७’मध्ये जोसेट सायमन यांची डेना ही कृष्णवर्णीय योद्धा मुख्य चमूत आली, हे मोठे पाऊल होते. तिच्या वडिलांच्या भूमिकेत साय ग्रँट होते. या वेळी बाहुली नाही, प्रत्यक्ष चेहरा. ते पात्र त्याच भागात मारले जाते.

१६/
येथे दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवायला हवेत. चेहरे मोजून समाधान मानणारे आता पुष्कळ झाले आहेत. ‘मार्को पोलो’चा धडा त्यांच्यासाठी आहे. २००७ मध्ये वैद्यकीय विद्यार्थिनी मार्था जोन्स (फ्रीमा अजिमन) डॉक्टरची सहप्रवासी झाली. सोळाव्या शतकातल्या लंडनमध्ये ती विचारते, मला गुलाम म्हणून धरून नेणार नाहीत ना? डॉक्टर ते हसण्यावारी नेतो. पुढे १९१३ च्या एका शाळेत तिला मोलकरीण होऊन अपमान गिळत राहावे लागते, आणि डॉक्टरला स्वतःची ओळखही आठवत नसते. २०२० मध्ये सचा धवन यांना खलनायक मास्टरची भूमिका मिळाली. पण १९४३ च्या पॅरिसमध्ये त्याचा खरा चेहरा नाझींपुढे उघडा पाडण्याची युक्ती नायिकेला सुचते, आणि तो प्रसंग विजय म्हणून साजरा होतो. नट निवडला, पण त्याच्या त्वचेला त्या खोलीत काय अर्थ आहे याचा विचार पटकथेने केला नाही.

१७/
लेखणी बदलली की काय होते ते ‘डीमन्स ऑफ द पंजाब’मध्ये (२०१८) दिसते. लेखक विनय पटेल, काळ ऑगस्ट १९४७. भुते आहेत, परग्रहवासीही आहेत. पण ते मारायला आलेले नाहीत, बेवारस मरणाऱ्यांचे साक्षी व्हायला आलेले आहेत. हिंदू प्रेमच्या मरणाला कारण त्याचा सख्खा भाऊ. फाळणीला राक्षस लागले नाहीत, शेजारी पुरले, ही गोष्ट ब्रिटिश कुटुंबांच्या रविवार-संध्याकाळी सांगायला १९६३ नंतर ५५ वर्षे लागली.

१८/
पुढे रवांडात जन्मलेले, स्कॉटलंडमध्ये वाढलेले शुटी गट्वा डॉक्टर झाले, आणि ‘घुसडले’ची ओरड टिपेला पोहोचली. त्यांच्याच काळातला भाग ‘डॉट अँड बबल’ (२०२४), लेखक रसेल टी. डेव्हिस. श्रीमंत तरुणांची एक वसाहत, तिच्यावर संकट. अखेरीस डॉक्टर सर्वांना आपल्या यानातून वाचवू पाहतो आणि ते नकार देतात, कारण तो काळा आहे. होडीत बसून ते बहुधा मरणाच्या दिशेने निघून जातात. त्या नकारानंतर प्रेक्षकाच्या ध्यानात येते की सुरुवातीपासून त्या वसाहतीत एकही कृष्णवर्णीय माणूस दिसला नव्हता. डेव्हिस यांनी ही योजना जाणूनबुजून केली होती. सगळा पडदा गोरा आहे हे प्रेक्षकाला कोणत्या मिनिटाला जाणवते, हे त्यांना पाहायचे होते.