हायडेलबर्गात खंडोबा

परदेशात एक सेमिस्टर काढून आलेल्या मुलीला इथे दोनच गोष्टी विचारतात. थंडी किती होती आणि जेवायचीस काय? ते आधी उरकते. थंडी सोसवते, अंधार सोसवत नाही. डिसेंबरात दुपारचा चहा होतो न होतो तोच, साडेचारला सूर्य मावळतो. विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे खाणावळीत, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण परत आल्यावर बटाट्याकडे प्रेमाने बघायला वेळ लागतो. रविवारी दुकानं बंद म्हणजे खरोखरच बंद. आणि खर्च? एक्स्चेंजवर गेल्यामुळे तिथली फी नव्हती, पण विद्यार्थी व्हिसासाठी तेव्हा महिन्याला ९९२ युरोंची सोय असल्याचं दाखवावं लागलं. त्या कागदांची जमवाजमव करताना बाबांचे बरेच केस पिकले.

कुणी विचारत नाही ते वर्गाबद्दल.

जर्मनीतलं हायडेलबर्ग विद्यापीठ १३८६ सालचं, म्हणजे इकडे बहमनी राज्य होतं तेव्हापासूनचं. तिथल्या वेळापत्रकात ‘१० सी. टी.’ असं लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. पहिल्यांदा मला वाटलं, वर्ग चिडलाय. व्याख्यानांना हजेरी नव्हती. पंचाहत्तर टक्क्यांच्या धाकात वाढलेल्या मला ही चैन वाटली. पुढे कळलं, की एका क्रेडिटमागे पंचवीस-तीस तासांचं काम धरलेलं असतं आणि ते बहुतेक वर्गाबाहेर, एकटीने करायचं असतं. गावात विद्यार्थ्यांचा जुना तुरुंग आहे. १९१४ पर्यंत रात्री दंगा करणाऱ्या पोरांना विद्यापीठच तिथे डांबायचं, पण तासाला जायची मुभा असे. भिंती त्या पोरांनी चित्रांनी भरून टाकल्यात. शिक्षा भोगणारी माणसं इतकी मजेत मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

मी होते साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे पूर्वी गुंथर सोंथायमर शिकवायचे. धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९७६ मध्ये जर्मनमध्ये आलं, अॅन फेल्डहाउस यांचं इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये. १९९२ मध्ये ते गेले. आमचं कुलदैवत जेजुरीचं. त्यामुळे सेमिनारला विषय वाटून घेताना वर्गाने ‘खंडोबा’ म्हणताच माझ्याकडे बघितलं, आणि मीही मान डोलावली.

तयारीत पुस्तक वाचलं. वस्ती आणि रान, क्षेत्र आणि वन, या जोडीवर सोंथायमर सगळी दैवतं लावून बघतात. खंडोबाच्या दोन बायका त्यात चपखल बसतात: म्हाळसा लिंगायत वाण्याची, घरंदाज; बाणाई धनगराची, मेंढरांमागची. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाजवळ आणि बाणाई अर्ध्या वाटेवर. लहानपणापासून मी त्या पायऱ्या चढलेय, भंडाऱ्याने पिवळी होऊन उतरलेय. बाणाई वाटेतच का, असं माझ्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं.

सादरीकरण बरं झालं. मग बव्हेरियाच्या एका मुलीने विचारलं, “चढताना लोक बाणाईपाशी आधी थांबतात की उतरताना?”

“आमच्यात आधी थेट वर जातात,” मी म्हणाले.

“आमच्यात म्हणजे कुणात?”

प्रश्न सरळ होता, तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. पण मला उत्तर सुचेना. आमच्यात म्हणजे घरात? जातीत? पुण्यात? खंडोबा धनगरांचा आहे, मराठ्यांचा आहे, ब्राह्मणांचा आहे, कर्नाटकात तोच मैलार होतो. एवढ्या लोकांच्या वतीने मी कधीपासून बोलायला लागले? प्राध्यापिका शांतपणे म्हणाल्या, की तू महाराष्ट्रातून आलीस ही माहिती आहे, मुद्दा नाही. मला ते झोंबलं. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही, कारण पुस्तक वाचून आलेल्याला भंडाऱ्याचा वास ठाऊक नसतो आणि तो वास हीसुद्धा माहितीच आहे. मी तसं म्हणाले. त्यावर वर्ग अर्धा तास भांडला, बहुतेक माझ्याविरुद्ध. शेवटी बाक ठोकले. आपल्याकडे व्हायवाला ‘सर, तुमचं बरोबर आहे’ म्हणून सुटता येतं. तिथे ते वाक्य उच्चारायची सोयच नव्हती.

रात्री आजीला फोन लावला. तिकडे पहाट असणार, पण ती उठलेलीच असते.

“आजी, आपण बाणाईपाशी आधी थांबतो की नंतर?”

“आधीच थांबायचं. उगाच का बसलीय ती वाटेत? तुझा बाप धावत वर सुटायचा म्हणून तुम्ही नंतर जायला लागलात.”

म्हणजे आमची परंपरा बाबांच्या घाईतून आली होती. हे सगळं मी निबंधात घातलं. मुलाखत घेतल्याची तारीख, नातं, आजीचं माहेर पुरंदरातलं, सगळं. व्याख्यानं फेब्रुवारीत संपली, निबंधाची मुदत मार्चअखेर होती. नेकार नदीच्या काठी पर्यटक फिरत होते आणि मी बाबांच्या घाईला तळटीप लिहीत होते. प्राध्यापिकांनी समासात लिहिलं: आजी आणि सोंथायमर यांच्यात मतभेद आहे का, ते स्पष्ट करा. केलं. एकदा सोंथायमरांना सामील होऊन, एकदा आजीला.

मार्क मिळाले १.३. तिकडे एक म्हणजे सर्वोत्तम, चारपर्यंत पास, पाचला नापास. आईने आकडा ऐकून काही क्षण फोन धरून ठेवला.

आता हे क्रेडिट इथल्या गुणपत्रिकेत आणायचंय. खिडकीवरच्या बाईंना आधी उलटी मोजपट्टी समजावली. त्यांनी ती मान्य केली, शिक्काही मारला. मग विषयांची यादी वरून खाली दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, “अहो, आमच्याकडे खंडोबा बसत नाही कुठेच.” शेवटी त्यांनी तो ‘इतर’ या रकान्यात लिहिला.