सही तिलाही येते

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



माझ्या थोरल्या बहिणीच्या स्तनात गाठ निघाली. बायोप्सीचा रिपोर्ट सोमवारी दाजींच्या हाती पडला आणि गुरुवारी ऑपरेशन झालं. मधल्या तीन दिवसांत निर्णय कोणी घेतला, हे आजही आम्हाला नीट सांगता येत नाही. डॉक्टर दाजींशी बोलले, दाजी भाच्याशी, भाचा पुण्यातल्या कुठल्याशा मित्राशी. ताईच्या वाट्याला आलं ते एवढंच: "काळजी करू नका, काढून टाकू." संमतिपत्र इंग्रजीत, त्यावर सही दाजींची. ताईने तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. सही तिलाही येते.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी जुने कागद चाळून सांगितलं, की गाठ लहान होती; तेवढीच काढून, स्तन राखून, वर किरणांचा शेक देता आला असता. ही काही काल-परवाची गोष्ट नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी अशा बायकांवर वीस-वीस वर्षं लक्ष ठेवलं. २००२ साली दोघांचे निष्कर्ष छापून आले: गाठ काढून शेक घेतलेल्या आणि सबंध स्तन काढलेल्या बायकांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. स्तन राखला तर तिथेच रोग उलटण्याची भीती थोडी जास्त, हेही खरं. पण ही भीती तोलायची कोणी? "विचारलं असतं तर मी कदाचित काढायलाच सांगितलं असतं," असं ताई म्हणते. तिचं दुखणं त्या 'विचारलं असतं'मध्ये आहे.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांवर मी फार रागवू शकत नाही. आमच्या तालुक्यापासून शेक देणारं यंत्र चार तासांवर. पूर्वी पाच आठवडे रोज जावं लागे, आता बऱ्याच जणींचं तीन आठवड्यांत भागतं. तरी लॉज, डबा आणि रजा टाकून सोबत राहणारं माणूस आलंच. 'यांना झेपायचं नाही' असा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला असणार. म्हणजे ताईचा स्तन रोगाने कमी आणि एसटीच्या अंतराने जास्त नेला. वर काखेतल्या गाठींत रोग निघाला, त्यामुळे शेक शेवटी घ्यावा लागलाच! तेव्हा झेपलं. कसं ते विचारू नका.

कायदा आपल्याला ठाऊक आहेच. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढलं होतं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती संमती मानली नाही. उपचार, त्याचे धोके आणि दुसरे पर्याय खुद्द रुग्णाला सांगायला हवेत. घाई नसेल तिथे नवरा, आई, मुलगा यांची सही पुरत नाही. आणि अशा गाठीत दुसरा सल्ला घ्यायला आठ दिवस गेले, तर सहसा बिघडत नाही. रक्ताच्या काही कॅन्सरांत मात्र एक दिवसही मोलाचा असतो, म्हणून तेसुद्धा डॉक्टरांनीच सांगायला हवं.

मागणं छोटं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनच्या मंजुरीसाठी कागदपत्रं पाठवावी लागतात. त्यांत एक मराठी पान सक्तीचं करा: रोग कुठपर्यंत गेलाय, कोणकोणते उपचार शक्य आहेत, प्रत्येकाने काय साधेल, काय जाईल, किती दिवस, कुठे राहायचं. (दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.) ते पान योजनेच्या आरोग्यमित्राने रुग्णाला वाचून दाखवावं, आणि खाली तिचीच सही किंवा अंगठा असावा. ते नसेल तर फाईल परत.

मसुदा करायला माणूस नसेल तर ताई तयार आहे. चौथीच्या पोरांना कळेल असं मराठी ती लिहिते.

आपली,
एका रुग्णाची धाकटी बहीण