नॉर्मल, पण कुणाच्या मापानं?

नालासोपाऱ्याला आमच्या गटाची बैठक संपत आली होती. तेवढ्यात एकीनं पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट काढला. वय ४२, साखर वाढलेली, पोटाचा घेरही वाढलेला. एसजीपीटी ३८. समोर छापलेलं, ४५ पर्यंत नॉर्मल. डॉक्टरांनी तो कागद बघून विचारलं होतं, "मिस्टर पितात का?" ही म्हणाली, "अहो, रक्त माझं तपासलंय!" आम्ही सगळ्या हसलो. घरी जाताना मात्र मला हसू येईना.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधलं एन्झाइम. पेशींना इजा झाली की ते रक्तात पाझरतं. इजा दारूनं होते, तशी साठलेल्या चरबीनं, हिपॅटायटिस बी आणि सी च्या विषाणूंनी, टीबीच्या गोळ्यांनीही होते. शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटतं असा एक आजार तर बायकांतच जास्त आढळतो. न पिणाऱ्या बाईचं यकृत ठणठणीतच असणार, हे कुणी ठरवलं?

आता त्या ४५ कडे या. ही मर्यादा 'निरोगी' माणसांच्या आकड्यांवरून काढतात. पूर्वी या निरोगी माणसांत फॅटी लिव्हर असलेली, पण ते न कळलेली माणसंही मोजली गेली. २००२ साली इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी रक्तदात्यांतून असा धोका असलेले वगळून पुन्हा हिशेब केला. पुरुषांची मर्यादा ३० आली, बायकांची १९. २०१७ साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि बायकांसाठी १९ ते २५ ही मर्यादा सांगितली. या मापानं आमच्या मैत्रिणीचा ३८ नॉर्मल नव्हताच. पण तिच्या रिपोर्टवर बाईला आणि पुरुषाला रकाना एकच. काही लॅब वेगळा छापतात, तोही बराच वर नेऊन ठेवलेला.

हिमोग्लोबिनला बाईचं माप १२, पुरुषाचं १३. आशाताई भरतात त्या फॉर्मात कंबरेचं मापही बाईचं ८० सेंटिमीटरपासून, पुरुषाचं ९० पासून. मग यकृतापाशीच गाडी का अडते? केंद्र सरकारनं २०२१ सालीच फॅटी लिव्हर असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं आहे.

एक डॉक्टर मित्र म्हणतात, "मर्यादा खाली आणलीत तर धडधाकट बायका आजारी ठरतील, लॅबवाल्यांचं फावेल." मुद्दा खोटा नाही. स्टेशनबाहेरचे 'फुल बॉडी चेकअप'चे बोर्ड आणि लिव्हर टॉनिकच्या बाटल्या मीही बघते. एका आकड्यानं रोग ठरत नाही. उलट यकृत कडक होत आलं तरी एसजीपीटी सरळ येऊ शकतो. म्हणूनच वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून एफआयबी-फोर नावाचा हिशेब करतात. त्याला नवं मशीन लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो. १.३ च्या खाली आला तर बहुतेकींना यकृत कडक झाल्याची भीती नसते, वर आला तर पुढची तपासणी. पण हा हिशेब मांडायला आधी शंका यावी लागते, आणि 'नॉर्मल' हा शब्द शंकेचंच तोंड बंद करतो.

बाईचं यकृत अगदी कसून तपासलं जातं ते नवऱ्याला किंवा मुलाला त्याचा तुकडा द्यायचा असतो तेव्हा. १९९५ ते २०२१ या काळात देशात सगळ्या अवयवांची मिळून ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यांत अवयव मिळालेल्या बायका ६,९४५. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त.

वसई-विरार महापालिकेच्या आरोग्य विभागाला आम्ही निवेदन देणार आहोत. रिपोर्टवर बाईची मर्यादा वेगळी छापा आणि साखर वाढलेल्या प्रत्येक बाईचा एफआयबी-फोर काढा, एवढंच मागणं आहे. मैत्रिणींनो, आपापले जुने रिपोर्ट घेऊन या. नाव झाकलं तरी चालेल, रकाना दिसला पाहिजे.