काठीला पैसे मिळतात, डाळीला का नाही? समजून घ्या आजी-आजोबांच्या स्नायूंचे गणित

वाशीम जिल्ह्यातून दर हंगामात सोयाबीन आणि तूर ट्रक भरून बाहेर जाते. सोयाबीनच्या वजनात एक तृतीयांशाहून अधिक प्रथिने असतात. तेल काढल्यावर उरणारी पेंड प्रामुख्याने कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. हे पीक घेण्यात हयात गेलेल्या आजी-आजोबांच्या ताटात मात्र अनेकदा भाकरी, चटणी आणि पातळ वरणच असते. 'वय झालं, आता पाय चालत नाहीत' म्हणून विषय संपवला जातो. तो तिथे संपू नये.

नेमके काय होते?

वयानुसार स्नायू झिजतात आणि ताकद घटते, याला सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये हे नाव सुचवले. उतारवयात स्नायूंचा प्रथिनांना मिळणारा प्रतिसाद मंदावतो. म्हणजे जेवण कमी होते, त्याच वयात प्रथिनांची गरज वाढते.

किती हवे, किती मिळते?

आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ वर्षांपुढे ती १ ते १.२ ग्रॅम असावीत, असे 'प्रोट-एज' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सांगितले. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम.

आता ताट पाहा. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साधारण २० ग्रॅम, ३० ग्रॅम तूरडाळीतून ६-७ ग्रॅम आणि चहातल्या दुधातून दोन-तीन ग्रॅम. बेरीज जेमतेम ३०.

घरी कसे ओळखाल?

हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचे-बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार तो इशारा समजावा. चाचणीवेळी शेजारी कोणीतरी उभे राहावे.

फक्त खाऊन भागते का?

नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये वृद्धाश्रमातील १०० अशक्त वृद्धांवर अभ्यास झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. ताकदीच्या व्यायामाने त्यांची शक्ती आणि चालण्याचा वेग वाढला. व्यायामाविना नुसते पोषक पेय दिल्याने फरक पडला नाही. म्हणून खाणे आणि खुर्चीतून उठ-बस, जिना, भिंतीला टेकून जोर असा व्यायाम दोन्ही लागतात.

महागडा डबा लागतो का?

नाही. दाट वरण, चून-भाकरी, मूठभर शेंगदाणे, ग्लासभर दूध, चालत असेल तर अंडे. किलोभर पिठात १०० ग्रॅम सोयाबीन दळले, तर सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने वाढतात. सोयाबीन कच्चे दळू नये. उकडून, वाळवून, भाजून घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

मग अडते कुठे?

'मुख्यमंत्री वयोश्री' योजनेत ६५ वर्षांवरील पात्र वृद्धांना काठी, कंबरपट्टा, चष्म्यासाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. ही मदत योग्यच आहे. पण अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला हमी दिली ती माणशी पाच किलो धान्याची, डाळीची नाही. पाय थकल्यावर काठी देणारी व्यवस्था पाय थकू नयेत म्हणून फारसे काही करत नाही.

वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. तिथे आरोग्य आणि पोषण मोजले जाते, पण भर माता-बालकांवर असतो. त्यात साठीपुढचेही यावेत. आरोग्य उपकेंद्रात रक्तदाबासोबत खुर्चीची चाचणी घ्यायला फक्त एक खुर्ची आणि घड्याळ लागते. रेशनवर वृद्धांसाठी महिन्याला किलोभर तूरडाळ द्यावी. बचत गटांकडून सोयाबीन मिसळलेले पीठ घ्यावे. कच्चा माल जिल्ह्यातच आहे.

पडून मांडीचे हाड मोडले की घरातले एक माणूस कामावरून उठते आणि शस्त्रक्रियेसाठी कर्ज निघते. त्या खर्चापुढे किलोभर डाळ स्वस्तच आहे.