शब्द जयप्रकाशांचे, अर्थ सत्तेचा

२५ जून १९७५ च्या सायंकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांनी पंतप्रधानांच्या राजीनाम्याची मागणी केली, देशव्यापी सत्याग्रहाची घोषणा केली आणि सैन्याने व पोलिसांनी बेकायदेशीर आदेश पाळू नयेत, असे आवाहन केले. त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांची स्वाक्षरी झाली आणि देशावर आणीबाणी लादली गेली. या कृत्याच्या समर्थनार्थ सरकारने जे युक्तिवाद केले, त्यांत हे आवाहन अग्रभागी होते. जयप्रकाशांनी सैन्याला बंडाची चिथावणी दिली, हा आरोप! एका भाषणाच्या संभाव्य परिणामाची धास्ती दाखवून साऱ्या राष्ट्राचे तोंड बंद करण्यात आले. त्या परिणामाचा पुरावा मागणारे तोवर कारागृहात पोहोचले होते.

वास्तविक, भाषणाचा श्रोत्यांवर काय परिणाम होतो, हा सत्ताधाऱ्यांच्या मर्जीचा विषय नव्हे. भाषेच्या प्रत्यक्ष वापराचा विचार करणारे प्रॅग्मॅटिक्स नावाचे एक शास्त्र आहे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने या शास्त्राच्या पायाशी आहेत. बोलणे ही एक कृतीच आहे, असे सांगून त्यांनी तिचे तीन पदर वेगळे केले. उच्चारलेले शब्द हा पहिला पदर. ते शब्द उच्चारून केलेली विनंती, आज्ञा, इशारा किंवा प्रतिज्ञा हा दुसरा. ऐकणाऱ्याच्या मनावर आणि वर्तनावर घडलेला परिणाम हा तिसरा. पहिले दोन वक्त्याकडे पाहून तपासता येतात. तिसरा केवळ श्रोत्याकडे पाहूनच.

हा विवेक जयप्रकाशांच्या आवाहनाला लावून पाहावा. शब्द होते ‘बेकायदेशीर आदेश’. कृती होती कायद्याशी निष्ठा राखण्याच्या आवाहनाची. सत्तेने ‘बेकायदेशीर’ हे विशेषण नजरेआड केले आणि आवाहनाचे बंड करून टाकले. प्रत्येक शिपाई आदेशाची वैधता स्वतःच ठरवू लागला तर शिस्त कशी राहील, हा प्रश्न अनाठायी नव्हता. परंतु प्रश्न म्हणजे पुरावा नव्हे. त्या आवाहनामुळे कोणती पलटण उठली? कोणत्या पोलीस ठाण्याने आज्ञाभंग केला? आणीबाणीपूर्वी कायदा व सुव्यवस्था कोलमडल्याचा किंवा ती कोलमडेल अशी भीती असल्याचा पुरावा नाही, असाच निष्कर्ष पुढे शहा आयोगाने काढला. घडलेला परिणाम शून्य होता; शिक्षा झाली ती कल्पिलेल्या परिणामाची!

ऑस्टिन यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. घोषणा, शपथ, निवाडा या शब्दरूप कृती आहेत आणि त्या योग्य व्यक्तीने, योग्य रीतीने केल्या तरच सिद्ध होतात. आणीबाणीची घोषणा हीदेखील अशीच कृती होती. ती कोणत्या रीतीने झाली? राष्ट्रपतींनी रात्री स्वाक्षरी केली आणि मंत्रिमंडळाला ती वार्ता २६ जूनच्या पहाटे बैठकीत कळली. दिल्लीतील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली होती. म्हणजे ज्या भाषणावर आरोप, ते वाचकांपर्यंत पोहोचण्याची वाट बंद, आणि आरोप मात्र आकाशवाणीवरून घरोघरी! मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयावाचून राष्ट्रपतींनी अशी घोषणा करू नये, हे बंधन राज्यघटनेत यायला १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली.

भारतीय शास्त्रपरंपरेला हा विचार नवखा नाही. सूर्यास्त झाल्याचे एकच वाक्य. पण ते ऐकून कोणी गुरे वळवतो, तर कोणी संध्येची तयारी करतो. अर्थ ठरतो तो कोण बोलतो, कोण ऐकतो, स्वर कोणता, प्रसंग, स्थळ व काळ कोणता यांवरून, हे काव्यप्रकाशकार मम्मटाने शतकांपूर्वी सांगून ठेवले. ज्या देशात श्रोत्याला अर्थाचा भागीदार मानले गेले, त्याच देशात लक्षावधी श्रोत्यांना ‘चिथावले जाणारे मेंढरांचे कळप’ समजून कारभार व्हावा, याहून मोठा अवमान कोणता?

त्या श्रोत्याने उत्तर दिले ते १९७७ मध्ये. निवडणुकीपूर्वी रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. त्या संध्याकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ चित्रपट दाखवला. तरीही मैदान भरले. मार्चच्या निवडणुकीत उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. मात्र आंध्र प्रदेशात त्याच पक्षाने ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या. आणीबाणी एकच, प्रचाराचे मुद्दे तेच. कौल मात्र परस्परविरुद्ध! सक्तीच्या नसबंदीचा जाच ज्या उत्तरेने सर्वाधिक भोगला, तिने ती भाषणे आपल्या जखमांनी ऐकली. परिणाम वक्त्याच्या कंठात नव्हता. तो श्रोत्याच्या अनुभवात होता.

म्हणूनच टाळ्या मोजून परिणाम मोजल्याचे समाधानही फसवे आहे. जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच यांनी ब्रिटनमधील पक्षांच्या १९८१ च्या अधिवेशनांतील ४७६ भाषणे तपासली. विरोधी शब्दांची जोडी, तीन पायऱ्यांचे वाक्य अशा ठरावीक रचनांनंतर टाळ्या हमखास पडतात, असे त्यांना आढळले. टाळी बऱ्याचदा वाक्याच्या घडणीला मिळते; तिला मत समजणारा कार्यकर्ता मतमोजणीच्या दिवशी चकित होतो.

आज तासाभराच्या भाषणातील दहा सेकंदांचा तुकडा कापला जातो आणि त्यावर निवाडे दिले जातात. १९७५ साली एक विशेषण गाळले गेले होते. आता अवघा संदर्भच गाळला जातो. प्रतिपक्षाने असे केले की संताप येतो. स्वपक्षाने केले की ती चतुराई ठरते! हा दुटप्पीपणा कार्यकर्त्याने प्रथम स्वतःपुरता सोडला पाहिजे. काय म्हटले, म्हणून काय केले आणि प्रत्यक्ष काय घडले, हे तीन प्रश्न विरोधकाच्या भाषणाला विचारावेत आणि आपल्या नेत्याच्या भाषणालाही. जेथे चिथावणीचा पुरावा असेल, तेथे वक्ता आपला असला तरी त्याची पाठराखण करू नये. जेथे पुरावा नसेल, तेथे वक्ता परका असला तरी त्याच्यावर आरोप ठेवू नये. हा मापदंड जो सोडतो, तो पक्ष कोणताही असो, २५ जूनच्या रात्रीचाच वारसदार ठरतो.