३० सप्टेंबरपर्यंत शाळा तपासा, नाहीतर मुलं आत बसणार नाहीत

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. दोन्ही वेळा शाळांना कुलूप होतं. किल्लारीत ७,९२८ माणसं गेल्याचं सरकारी आकडा सांगतो, त्यात मुलं होतीच. पण ती घराच्या माळवदाखाली गेली, वर्गात नाही. त्यामुळे आपल्या शाळांची परीक्षा कधी झालीच नाही. झाली नाही, म्हणून त्या पास आहेत असं धरून आपण तीस वर्षं काढली.

लातूर, धाराशिव, हिंगोली, नांदेड आणि कोयना खोरं इथल्या शाळा ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या सर्वांना आम्हा पालकांचा हा इशारा आहे. जिल्हा परिषदा, त्यांचे बांधकाम विभाग, खासगी संस्थांची संचालक मंडळं, आणि गावातले आपलेच कंत्राटदारसुद्धा. घड्याळाच्या भरवशावर यापुढे मुलं सोडणार नाही.

घड्याळ फिरलं की काय होतं, ते जगाने पाहिलं आहे. ८ ऑक्टोबर २००५ च्या शनिवारी सकाळी पावणेनऊनंतर काश्मीर हादरलं. सीमेपलीकडे बालाकोट-मुझफ्फराबादच्या बाजूला शाळा भरल्या होत्या. सुमारे सतरा हजार मुलं शाळांच्या ढिगाऱ्यात गेली. १२ मे २००८ ला चीनच्या सिचुआनमध्ये दुपारी अडीचच्या सुमारास वर्ग चालू होते. चीन सरकारनेच ५,३३५ विद्यार्थी मृत वा बेपत्ता असल्याचं मान्य केलं. नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला वार शनिवार होता, तिथे तो सुट्टीचा. हजारो शाळांचं नुकसान झालं, वर्ग मात्र रिकामे होते. काठमांडू खोऱ्यात ज्या जुन्या शाळा आधीच मजबूत करून घेतल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या. म्हणजे हे काम होत नाही, परवडत नाही, आपल्याकडच्या गवंड्यांना जमत नाही, यातलं एकही कारण आम्ही ऐकून घेणार नाही.

‘आपला भाग सुरक्षित पट्ट्यात येतो’ हेही सांगू नका. किल्लारी १९९३ मध्ये भूकंपक्षेत्रांच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती. माणसं मेल्यानंतर तिला तिसऱ्या क्षेत्रात घातलं. हिंगोलीत २१ मार्च २०२४ ला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, १० जुलैला पुन्हा तेवढाच. वसमत-औंढ्याकडची गावं तर वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज ऐकत आली आहेत. त्या धक्क्यांच्या वेळी पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून टाका, असं प्रशासनाने लोकांना सांगितलं. सल्ला योग्यच होता. मग त्याच गावातल्या शाळेच्या पत्र्यावरचे दगड कोणी मोजले?

शाळा कशाने पडते, हे गुपित नाही. दगड-मातीची जाड भिंत हादऱ्यात आतून फुगते आणि तिचे बाहेरचे-आतले दोन पदर सुटे होतात, कारण दोन्हींना बांधणारे आरपार दगड कोणी घातलेलेच नसतात. कोपरे उघडतात. दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा असेल, तर भिंती एकमेकींना धरून ठेवतात; तो नसेल तर प्रत्येक भिंत आपापली पडते. आरसीसी इमारत म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज. कॉलममधल्या रिंगा लांब लांब बांधल्या, त्यांची टोकं १३५ अंशात आत वळवली नाहीत, तर धक्क्यात रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. खिडकीसाठी अर्ध्यावर थांबवलेल्या भिंतीमुळे कॉलमचा वरचा तुकडा आखूड राहतो. शाळांच्या लांबलचक व्हरांड्यांत तो हमखास दिसतो आणि नेमका तिथेच मोडतो. हे सगळं भारतीय मानकांत आहे. आयएस ४३२६ मध्ये आहे, आयएस १३९२० मध्ये आहे. शाळेची इमारत साध्या घरापेक्षा दीडपट भूकंपबल धरून आखावी, हे आयएस १८९३ सांगते. निविदेत हे आकडे छापले जातात. जागेवर दिसत नाहीत, कारण स्लॅब टाकायच्या आधी सळई बघायला कोणी येत नाही. आलं तरी चहा घेऊन जातं. बोलक्या भिंतींच्या रंगाला मात्र निधी वेळेत येतो, आणि बाराखडीखाली भेग छान झाकली जाते.

आता मागण्या. प्रत्येक वर्गखोलीचं स्ट्रक्चरल ऑडिट पात्र अभियंत्याकडून व्हावं. मुख्याध्यापकाकडून घेतलेला ‘इमारत सुस्थितीत’ असा दाखला आम्हाला मान्य नाही, ते बिचारे गणित शिकवतात, कॉलम तपासत नाहीत. अहवाल शाळेच्या फलकावर लावा, अभियंत्याच्या नाव-सहीसकट. ज्या खोल्यांचं निर्लेखन मंजूर होऊनही त्या तशाच उभ्या आहेत आणि ज्यांच्या सावलीत मधल्या सुट्टीत मुलं डबा खातात, त्या पाडा. नव्या बांधकामात सळई बांधून झाल्यावर शाळा व्यवस्थापन समितीसमोर तपासणी झाल्याशिवाय काँक्रीट पडणार नाही, आणि त्या तपासणीचा कागद नसेल तर अंतिम बिल निघणार नाही. कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या भूकंपानंतर एका महिन्यात, एप्रिल १९३३ मध्ये, शाळांसाठी स्वतंत्र तपासणीचा कायदा झाला. तोही धक्का संध्याकाळी सहाच्या सुमारास, शाळा सुटल्यावर बसला होता. ते लोक नशिबावर खूश होऊन बसले नाहीत.

मुदत येत्या ३० सप्टेंबरची. तोवर सगळ्या इमारती मजबूत होणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. पण तपासणी होऊ शकते, यादी लागू शकते, धोकादायक खोल्या रिकाम्या होऊ शकतात, आणि जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात या कामाचं पान दिसू शकतं. ते झालं नाही, तर १ ऑक्टोबरपासून ज्या खोलीचा अहवाल फलकावर नाही, त्या खोलीत मुलं बसणार नाहीत. शाळा बंद ठेवणार नाही. वर्ग मैदानात, मंदिराच्या सभामंडपात, जिथे जमेल तिथे भरतील. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावोगाव ठराव होतील, आणि त्यांच्या प्रती घेऊन आम्ही उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे उभे राहू. कुंभकोणमच्या शाळेतल्या आगीनंतर अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं आहे की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. त्या दिवशी ‘नैसर्गिक आपत्ती’ हे उत्तर चालणार नाही, कारण ही सूचना तुमच्या आवक नोंदवहीत तारखेसह चढलेली असेल.

आणि एक. मैदानात वर्ग भरवला म्हणून कोणा गुरुजींना किंवा बाईंना कारणे दाखवा नोटीस काढू नका. निर्णय पालकांचा आहे. नोटीस काढायचीच असेल तर आमच्या नावाने काढा. उत्तर ग्रामसभेच्या ठरावासोबत जोडून देऊ.