मायनरचा मोह आणि मूळ शाखा

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेरीत संगणक शाखा हुकली की पालकांचा पुढचा प्रश्न हल्ली ठरलेला असतो : 'मेकॅनिकल घेऊन संगणकशास्त्राचे मायनर करता येईल ना?' करता येते. त्यातून पदरात काय पडते, हा खरा प्रश्न आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० श्रेयांक ठरवले आणि त्यावर २० श्रेयांक मिळवणाऱ्यास मायनरची मुभा दिली. आठ सत्रांत १६० म्हणजे सत्राला सरासरी २०. याचाच अर्थ, मायनर हे एका अख्ख्या सत्राचे जादा ओझे होय. (नव्या शैक्षणिक धोरणानंतर काही विद्यापीठांनी मायनर मूळ श्रेयांकांतच बसवले, तेथे ओझे हलके, पण शाखेच्या विषयांना तेवढी कात्री.)

हे ओझे केवळ आयटीतील नोकरीसाठी उचलायचे असेल, तर हिशेब जुळत नाही. मोठ्या आयटी कंपन्या वर्षानुवर्षे सर्व शाखांचे पदवीधर स्वतःची चाचणी घेऊन निवडतात आणि स्वतःच प्रशिक्षण देतात. 'गेट'मधील संगणकशास्त्राची परीक्षाही कोणत्याही शाखेच्या अभियंत्याला देता येते. शिवाय ते दारही आता पूर्वीइतके सताड उघडे नाही. २०२३-२४ मध्ये एकट्या टीसीएसचे मनुष्यबळ १३ हजारांहून अधिक घटले. दुसरीकडे, २०२४-२५ पासून परिषदेने प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादाच उठवल्याने संगणक शाखेच्या जागा वाढवण्यास महाविद्यालयांना रान मोकळे मिळाले. मायनरवाल्याची स्पर्धा त्या मूळ शाखेतील मुलांशी आहे.

मायनरचे मोल दिसते ते स्वतःच्या शाखेत. एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा' निकष लागू झाले आणि इंजिनाच्या धुराचे नियंत्रण संवेदक व इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर आणखी विसंबू लागले. चाकणच्या वाहन कारखान्यांकडे डोळे लावून बसलेल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला इंजिनही कळते आणि नियंत्रकातील प्रोग्रॅमही वाचता येतो, ही जोडी सहजी सापडत नाही. स्थापत्य शाखेचेही तेच. इमारतीचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर आत हजारो समीकरणे सोडवत असते. ती कशी सुटतात हे ठाऊक असलेला अभियंता पडद्यावरच्या चुकीच्या उत्तरावर शंका घेऊ शकतो. इतरांना ते छापून देण्यावाचून गत्यंतर नसते.

अर्थात, विषय कोणते मिळतात यावर बरेच अवलंबून आहे. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस हा पाया असेल तर श्रम सत्कारणी लागतील. पाया वगळून थेट कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख करून देणारे मायनर आकर्षक दिसते खरे, पण मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते. आणि ज्याचे गणित किंवा मूळ शाखेचे विषय आधीच राहिले आहेत, त्याने हा अर्ज भरूच नये. पदवीवर ठळक नाव मूळ शाखेचे असते आणि सार्वजनिक उपक्रमांच्या भरतीत तेच पाहिले जाते.